घर आणि ऑफिससाठी क्लाऊड स्टोरेज: जीबी मोजण्याआधी काय पाहायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये सीएची प्रॅक्टिस, ऑफिसात आर्टिकलची (सीएच्या हाताखाली काम शिकणारी) मुले धरून सात जण. सगळ्यांच्या फाइली सरांच्या पर्सनल जीमेलच्या ड्राइव्हवर, आणि पासवर्ड सगळ्यांना ठाऊक. घरी चौघे, तीन अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन, ‘स्टोरेज फुल’ची सूचना रोजची. गुगल, मायक्रोसॉफ्ट, ड्रॉपबॉक्स, आयक्लाऊड, झोहो यांपैकी काय घ्यावे, आणि एकाच प्लॅनमध्ये घर व ऑफिस दोन्ही भागेल का?

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. एकाच प्लॅनमध्ये दोन्ही भागवू नका. घरासाठी गुगलचा कुटुंबात वाटून घेता येणारा प्लॅन घ्या आणि आयफोनच्या बॅकअपपुरता आयक्लाऊडचा सगळ्यात लहान प्लॅन. ऑफिससाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ चा बिझनेस प्लॅन. खर्च फार वाटत असेल तर झोहो वर्कड्राइव्ह. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा यांपैकी कशातही थेट ठेवू नका. आणि या सगळ्याच्या बाहेर, दुसऱ्या कंपनीकडे किंवा स्वतःच्या डिस्कवर, आणखी एक प्रत हवीच.

लहान ऑफिसे, दवाखाने, आर्किटेक्ट, फोटो स्टुडिओ यांची स्टोरेजची कामे मी बरीच वर्षे करतो आहे. लोक तुलना सुरू करतात ती किती जीबीला किती रुपये इथून. पण अडचणीच्या दिवशी वेगळेच दोन प्रश्न समोर येतात: खाते कोणाच्या नावावर आहे, आणि गेलेली फाइल किती दिवसांपर्यंत, कोणाच्या हातून परत मिळते. खाली जे लिहिले आहे ते याच दोन प्रश्नांच्या अंगाने आहे. दर तर दरवर्षी बदलतात.

घरापासून सुरुवात करू. गुगल फुकट १५ जीबी देते. ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशा तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पर्यंत गुगल फोटोजमध्ये ‘हाय क्वालिटी’चे फोटो कितीही ठेवता येत, ते या जागेत मोजले जात नसत. त्या तारखेनंतर चढवलेला प्रत्येक फोटो मोजला जातो. २०२४ पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच १५ जीबीत येऊ लागला. म्हणून ज्यांचे खाते वर्षानुवर्षे व्यवस्थित चालले होते त्यांनाही अचानक इशारे येऊ लागले. पैसे भरण्याआधी एकदा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपमधून व्हिडिओ वगळा आणि ग्रुपमधले जुने व्हिडिओ साफ करा. बऱ्याच घरांत तेवढ्याने काही महिने निघतात. पण इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. जागा पूर्ण भरली की त्या पत्त्यावर मेल येणेच थांबते, आणि बँकेचे किंवा आयकर खात्याचे मेल आले नाहीत हे कळायलाही मार्ग उरत नाही.

पैसे भरायचेच तर हे लिहिताना गुगलचा १०० जीबीचा प्लॅन महिना १३० रुपये आणि २ टीबीचा ६५० रुपये आहे. वर्षाचे एकदम भरले तर थोडे कमी पडतात. तो आणखी पाच जणांत वाटता येतो. वाटली जाते ती फक्त जागा. मुलांचे फोटो तुम्हाला दिसत नाहीत, तुमचे मेल मुलांना दिसत नाहीत. जागा मात्र सामाईक असल्यामुळे एकाने ४के (फार बारीक तपशिलाचे, म्हणून मोठे) व्हिडिओ काढायला सुरुवात केली की सगळ्यांची भरते. मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली प्लॅनचे गणित उलटे आहे. तिथे सहा जणांना प्रत्येकी १ टीबी मिळते, ती एकमेकांना देता येत नाही, पण कुणाच्या वापराचा दुसऱ्याला त्रासही होत नाही. सोबत पूर्ण वर्ड-एक्सेल येते. मुले कॉलेजात असतील आणि घरी ऑफिसचे सॉफ्टवेअर विकत घ्यायचेच असेल, तर हा प्लॅन जास्त परवडतो. नुसत्या फोटोंसाठी मी तो सुचवत नाही. फोटो शोधणे, चेहऱ्यांवरून वेगळे करणे, आजीला अल्बम पाठवणे या बाबतींत मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह गुगल फोटोजच्या पुष्कळ मागे आहे.

आयफोन ज्यांच्याकडे आहे त्यांना ॲपल ५ जीबी फुकट देते. २०११ साली आयक्लाऊड सुरू झाले तेव्हाही तेवढेच होते. त्यात एका फोनचा पूर्ण बॅकअप सहसा बसत नाही. ५० जीबीचा प्लॅन महिना ७५ रुपयांना आहे, तो घ्या आणि आयक्लाऊड बॅकअप चालू ठेवा. फोन हरवला किंवा नवा घेतला तर संपर्क, मेसेज, ॲपची मांडणी जशीच्या तशी परत येते. हे काम गुगल त्या फोनवर करू शकत नाही. फोटो मात्र घरातल्या सगळ्यांचे एकाच ठिकाणी, म्हणजे गुगलवर. दोन्हीकडे फोटो चालू ठेवले तर दोन्हीकडचे पैसे भरावे लागतील.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण घरगुती फोटो बहुतेक इथेच जातात. गुगल फोटोज ॲपमधून फोटो डिलीट केला की तो फोनमधून आणि क्लाऊडमधून दोन्हीकडून जातो. आयक्लाऊड फोटोजचेही तसेच आहे. एका उपकरणावर पुसला की सगळीकडून पुसला. ‘आता क्लाऊडवर आहेच, मग फोनमधले काढून टाकू’ असे म्हणून लोक त्याच ॲपमध्ये शेकडो फोटो निवडतात आणि डिलीट दाबतात. फोनमधली जागा रिकामी करायला गुगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ हा वेगळा पर्याय आहे. तो फक्त फोनमधली प्रत काढतो. चुकून गेलेच तर गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो आणि आयक्लाऊडमध्ये साधारण ३० दिवस. त्यानंतर कंपनीला कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नाही. लग्नाचे किंवा बारशाचे फोटो शोधायला लोक सहसा वर्षभराने जातात, तेव्हा मुदत केव्हाच टळलेली असते. क्लाऊडवर फोटो आपोआप जाणे याला मी बॅकअप धरत नाही. तिकडे दिसते ती इकडचीच सावली असते. बॅकअप म्हणजे इकडे काहीही झाले तरी तिकडे जागची न हलणारी प्रत.

मोबाइल कंपन्यांच्या ऑफर्सबद्दलही विचारणा होते. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस जिओने गुगलचा ‘एआय प्रो’ प्लॅन १८ महिने फुकट द्यायला सुरुवात केली, त्यात २ टीबी जागा आहे. एअरटेलने त्याआधी सहा महिने १०० जीबी दिले होते. घ्यायला हरकत नाही, पण किती भरायचे ते आजच ठरवा. १८ महिन्यांत दीड टीबी भरले आणि ऑफर संपली, की दोनच रस्ते उरतात: दर महिन्याला पूर्ण पैसे भरा, नाहीतर दीड टीबी उतरवून घ्या. जागेपेक्षा जास्त भरलेले खाते दोन वर्षे तसेच राहिले तर गुगल त्यातला मजकूर पुसू शकते. वनड्राइव्हमध्ये ही मुदत सहा महिन्यांची आहे. फुकट मोठी जागा मिळाली की मी लोकांना एकच सांगतो: ऑफर संपल्यावर ज्या प्लॅनचे पैसे तुम्ही खुशीने भराल, तेवढीच जागा वापरा.

अमर्याद जागेची आश्वासने टिकत नाहीत हा तर गेल्या दहा वर्षांचा इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अमर्याद वनड्राइव्ह मागे घेतले. गुगलने २०२१ मध्ये जाहीर करून पुढच्या वर्षी शाळा-कॉलेजांची अमर्याद जागा बंद केली, तेव्हा अनेक संस्थांना वर्षानुवर्षांचे रेकॉर्डिंग हलवावे लागले. ड्रॉपबॉक्सने ऑगस्ट २०२३ मध्ये हेच केले. ॲमेझॉन ड्राइव्ह तर ३१ डिसेंबर २०२३ ला पूर्णच बंद झाले. यात कुणाची लबाडी नाही. डिस्क, वीज आणि थंडावा यांचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतोच.

घराच्या बाबतीत आणखी एक काम आजच करून टाका. वडिलांचे किंवा आईचे जीमेल खाते कोणत्या नंबरला जोडलेले आहे ते पाहा. ९० दिवस न वापरलेले सिम बंद होऊ शकते आणि काही काळाने तो नंबर दुसऱ्याला मिळतो. पासवर्ड विसरला तर ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जाईल. गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खाते ठरावीक महिने निष्क्रिय राहिले तर कोणाला कळवायचे आणि काय सोपवायचे ते त्यात लिहून ठेवता येते. ॲपलमध्ये यासाठी ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. दोन वर्षे अजिबात न वापरलेली पर्सनल खाती गुगल डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे. घरातले माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातले फोटो मिळवण्यासाठी माझ्याकडे आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. त्या वेळी करण्यासारखे फार थोडे असते, आणि आज हे काम दहा मिनिटांचे आहे.

आधार, पॅन, गुणपत्रिका, गाडीचे आरसी यांच्यासाठी तर क्लाऊडचे पैसे खर्चण्याचीही गरज नाही. डिजीलॉकरमध्ये संबंधित खात्याने थेट दिलेले कागद २०१६ च्या नियमांनुसार मूळ कागदांच्या बरोबरीचे धरले जातात. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेल्या कागदांना तो दर्जा नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

आता ऑफिस. इथे तुमची परिस्थिती मला घरापेक्षा जास्त काळजीची वाटते.

सात जण एकच पर्सनल खाते वापरतात, म्हणजे फाइल कोणी पुसली, कोणी बदलली, कोणी स्वतःला पाठवली याची कुठेही नोंद नाही. शिकणे पूर्ण करून गेलेल्या आर्टिकलला पासवर्ड अजून ठाऊक असेल. गुगलला एखाद्या दिवशी सात ठिकाणांहून झालेले लॉगिन संशयास्पद वाटले आणि खाते अडकले, तर ३१ ऑक्टोबरच्या आयकर विवरणांच्या मुदतीच्या तोंडावर ऑफिस बंद पडेल. पर्सनल खात्याला ज्याच्याशी बोलून तातडीने काम होईल असा माणूसही मिळत नाही. आणि त्याच खात्यात तुमचे खासगी मेल आहेत.

पुष्कळ ऑफिसे यावर उपाय म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या जीमेलवरून एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये घेतात. ते आणखी अडचणीचे आहे. पर्सनल गुगल ड्राइव्हमध्ये फाइल ज्याने तयार केली तिचा मालक तोच राहतो, फोल्डर कोणाचेही असो. मुलाने वर्षभर तयार केलेले वर्किंग पेपर त्याच्या नावावर असतात. त्याने खाते साफ केले किंवा बंद केले की तुमच्या फोल्डरमधून त्या फाइली जातात. यात त्याचा वाईट हेतू असायलाच हवा असे नाही. तो फक्त स्वतःची जागा रिकामी करत असतो.

बिझनेस प्लॅनचे पैसे मी मुख्यतः या कारणासाठी भरायला सांगतो. तिथे खाते ऑफिसच्या डोमेनवर (इंटरनेटवरच्या स्वतःच्या नावावर) असते, ॲडमिन तुम्ही असता, आणि माणूस गेला की त्याचे लॉगिन बंद करून फाइली दुसऱ्याच्या नावे करता येतात. मायक्रोसॉफ्टमध्ये काढून टाकलेल्या माणसाचे वनड्राइव्ह मुळात ३० दिवस राहते, ॲडमिनला ती मुदत वाढवता येते. गुगल वर्कस्पेसमध्ये काढलेले खाते २० दिवसांपर्यंत परत आणता येते. पण माणसाच्या वनड्राइव्हवर किंवा ‘माय ड्राइव्ह’वर ऑफिसचे काम ठेवूच नका. मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंटची साइट, गुगलमध्ये शेअर्ड ड्राइव्ह, झोहोत टीम फोल्डर अशा सामाईक जागा असतात. तिथल्या फाइली कोणा एकाच्या नसतात, ऑफिसच्या असतात. प्लॅन घेताना ही सामाईक जागा त्यात आहे ना, हा पहिला प्रश्न विक्रेत्याला विचारा.

तुम्हाला मायक्रोसॉफ्ट का सुचवतो? सीए ऑफिसचे काम एक्सेलवर चालते. मॅक्रो (एक्सेलमध्ये कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) असलेल्या शीट गुगल शीट्समध्ये चालत नाहीत. उघडतात, पण मॅक्रो मुका राहतो. बिझनेस बेसिकमध्ये प्रत्येकाला १ टीबी वनड्राइव्ह आणि ब्राउझरमधले एक्सेल मिळते. पीसीवर पूर्ण एक्सेल हवे असेल तर बिझनेस स्टँडर्ड. सातही जणांना स्टँडर्ड लागत नाही, दोन्ही प्रकार मिसळून घेता येतात. ऑफिसला मिळून शेअरपॉइंटची १ टीबी आणि त्यावर माणशी १० जीबी अशी जागा येते. पीडीएफ आणि एक्सेलच्या कामाला ती खूप वर्षे पुरेल.

दुसरे कारण परत मिळण्याचे. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. वर्कस्पेस असेल तर त्यानंतर आणखी २५ दिवस ॲडमिन ती परत आणू शकतो. वनड्राइव्ह फॉर बिझनेस आणि शेअरपॉइंटमध्ये ही मुदत ९३ दिवसांची आहे. ड्रॉपबॉक्सच्या बिझनेस प्लॅनमध्ये १८० दिवस. तुमच्या कामात याला महत्त्व आहे. ऑडिटच्या धावपळीत सप्टेंबरमध्ये चुकून पुसलेले फोल्डर आठवते ते डिसेंबरमध्ये, डिपार्टमेंटची नोटीस आल्यावर. वनड्राइव्हमध्ये सगळ्या फाइली गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या दिवशी जशा होत्या तशा एकदम मागे नेण्याची सोयही आहे. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या व्हायरसने) एका पीसीवरच्या फाइली कुलूपबंद केल्या की सिंक, म्हणजे पीसी आणि क्लाऊड आपोआप सारखे ठेवणारा प्रोग्राम, त्या खराब फाइली इमानदारीने क्लाऊडवर चढवतो. अशा वेळी ही सोय ऑफिस वाचवते.

एक खास आपल्याकडची अडचण. जुन्या ऑफिसांत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व (आज सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमधली मराठी पत्रे, ठराव, संस्थांचे अहवाल भरपूर असतात. गुगल डॉक्समध्ये उघडली की ती अक्षरांची खिचडी दिसतात, कारण तो फॉन्ट तिथे नसतो. पीसीवरच्या वर्डमध्ये फॉन्ट टाकलेला असेल तर नीट दिसतात. शोधाच्या पट्टीत मराठी शब्द टाकून मात्र अशी फाइल कोणत्याही क्लाऊडवर सापडणार नाही. सहकारी पतसंस्था आणि हाउसिंग सोसायट्यांचे ऑडिट करणाऱ्यांनी अशा फाइलींचे नाव तरी युनिकोडमध्ये, संस्थेचे नाव आणि वर्ष घालून ठेवावे. पूर्ण मार्ग, म्हणजे फोल्डरांची नावे धरून, ४०० अक्षरांच्या आत राहू द्या. वनड्राइव्हची मर्यादा तेवढी आहे. फोल्डरात फोल्डर असे सात-आठ थर केले की ती लवकर गाठली जाते.

गुगल वर्कस्पेस वाईट आहे असे अजिबात नाही. ज्यांचे काम एकाच दस्तऐवजावर एकाच वेळी पाच जणांनी लिहिण्याचे आहे, त्यांना मी तेच सुचवतो. फक्त स्टार्टरमध्ये माणशी ३० जीबीच असते, २ टीबी हवे तर स्टँडर्ड घ्यावे लागते. ड्रॉपबॉक्स मी आता मुख्यतः मोठ्या फाइली असलेल्यांना सांगतो: आर्किटेक्ट, व्हिडिओ एडिटर. मोठ्या फाइलचा जेवढा तुकडा बदलला तेवढाच चढवण्याचे तंत्र त्यांनी फार आधीपासून वापरले आणि त्यांचा सिंक अजूनही सगळ्यांत शांतपणे चालतो. फुकट २ जीबी आणि तीनच उपकरणे, तेव्हा फुकटात पाहण्यासारखे तिथे काही नाही. झोहो चेन्नईची कंपनी आहे आणि भारतातल्या ग्राहकांसाठी तिची डेटा सेंटर मुंबई आणि चेन्नईला आहेत. वर्कड्राइव्हमध्ये टीम फोल्डरची पद्धत स्वच्छ आहे आणि खर्च कमी. एक्सेलच्या भारी शीट मात्र झोहोच्या शीटमध्ये तपासून घ्या, आणि मगच ठरवा.

आता टॅली. चालू कंपनीचे डेटा फोल्डर वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवले की दोन गोष्टी होतात. टॅली त्या फाइली उघड्या धरून लिहीत असते आणि त्याच वेळी सिंकवाला त्या उचलायला येतो. एखादी फाइल अर्धी नवी, अर्धी जुनी अशी चढते. दोन पीसींवर तेच फोल्डर सिंक असेल तर प्रकरण आणखी बिघडते, कारण दोघांच्या नोंदी एकमेकींवर चढतात आणि शेवटी कंपनी उघडतच नाही. डेटा एका पीसीवर किंवा सर्व्हरवर ठेवा, संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप काढा आणि बॅकअपची फाइल क्लाऊडवर जाऊ द्या. फाइलच्या नावात तारीख असू द्या, जुनीवर नवी चढवू नका. आउटलुकचे मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइलींनाही हाच नियम.

कायद्याचे तुम्हाला सांगायला नको, पण स्टोरेज निवडताना तीन मुद्दे हाताशी ठेवा. कंपनी कायद्याखाली हिशेबाची पुस्तके ८ वर्षे, जीएसटीत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि ऑडिटच्या मानकांप्रमाणे ऑडिटचे वर्किंग पेपर किमान ७ वर्षे जपायचे असतात. ९३ दिवसांचा रिसायकल बिन इथे पुरत नाही. म्हणून दरवर्षी काम संपले की त्या वर्षाचे फोल्डर ‘फक्त वाचण्यासाठी’ करा आणि त्याची एक प्रत वेगळी काढा. दुसरे, ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. तुमच्या प्रायव्हेट लिमिटेड क्लायंटना हे विचारले जाणार, आणि ते तुम्हाला विचारणार. पर्सनल ड्राइव्हमध्ये डेटा कोणत्या देशात ठेवायचा हे तुमच्या हातात नसते. बिझनेस सेवा घेताना विक्रेत्याकडून ते लेखी घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाऊड सेवेचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र पुण्यात आहे आणि ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ पासून चालू आहे, तेव्हा भारतात जागा मिळणे आता अवघड राहिलेले नाही. तिसरे, डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यामुळे माहिती फुटली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तुमच्याकडे शेकडो लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट असते.

त्या दृष्टीने सगळ्यांत मोठे भोक आहे ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ हा पर्याय. क्लायंटला घाईत अशी लिंक व्हॉट्सॲपवर जाते, पुढे बँकेच्या माणसाकडे, तिथून आणखी कुठे. ती लिंक कोणी बंद करत नाही. बिझनेस प्लॅनमध्ये ॲडमिन हा पर्याय पूर्ण बंद करू शकतो किंवा प्रत्येक लिंकला मुदत घालू शकतो. मी ऑफिस लावून देताना हेच पहिल्यांदा करतो. दुसरी पायरी, प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि ऑथेंटिकेटर (लॉगिनचा तात्पुरता कोड देणारे) ॲप. ॲडमिनची दोन खाती ठेवा आणि रिकव्हरी कोड कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये.

काही जण विचारतात की कंपनीलाही वाचता येणार नाही असे क्लाऊड घ्यावे का. प्रोटॉन ड्राइव्ह, मेगा, आणि ॲपलमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ चालू केले तर, फाइलची किल्ली तुमच्याकडेच राहते. घरातल्या खासगी कागदांसाठी चांगले. पण किल्ली हरवली की मदतीला कोणी नाही. ऑफिसात सात जणांनी मिळून काम करायचे असेल तर ते अडचणीचे होते. ज्या थोड्या फाइली अतिशय संवेदनशील आहेत त्या क्रिप्टोमेटरसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने कुलूपबंद करून नेहमीच्या क्लाऊडवर ठेवणे मला जास्त सोयीचे वाटते.

आणि आता ती बाहेरची प्रत. एवढ्या मोठ्या कंपनीकडे डेटा असताना तिची काय गरज, असे विचारणाऱ्यांना मी दोन घटना सांगतो. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचे गुगल क्लाऊडवरचे खाते सेटिंगमधल्या चुकीमुळे पुसले गेले. दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती होत्या, पण त्या एकाच खात्याखाली असल्याने दोन्ही गेल्या. फंड सावरताना दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा आधार झाला. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हवरचा ८५८ टीबी डेटा गेला, कारण साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलीच नव्हती. सात माणसांच्या ऑफिसला अशी प्रत ठेवणे त्यांच्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

दोन पोर्टेबल डिस्क घ्या. दर शनिवारी एकीवर शेअरपॉइंट आणि टॅलीचे बॅकअप उतरवा, काढून घरी न्या. पुढच्या शनिवारी दुसरी. डिस्क पीसीला कायम जोडून ठेवू नका, रॅन्समवेअर तिलाही धरतो. विंडोज प्रोमधल्या बिटलॉकरने ती कुलूपबंद करा, कारण रिक्षात विसरलेली डिस्क म्हणजे शेकडो लोकांचे पॅन आणि आधार. हे हाताने जमणार नाही असे वाटत असेल तर दोन डिस्कचा छोटा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) बसवा, तो क्लाऊडवरून रोज रात्री आपोआप प्रत ओढतो. मात्र त्याला यूपीएस हवा. जुन्या वर्षांचे गोठवलेले फोल्डर ॲमेझॉनच्या मुंबई केंद्रातल्या ‘ग्लेशियर डीप आर्काइव्ह’मध्ये अगदी नाममात्र खर्चात राहतात. तिथून परत मागवायला १२ तास किंवा जास्त लागतात, आणि बाहेर काढण्याचे वेगळे पैसे पडतात. सात वर्षांत एकदा लागणाऱ्या फाइलीला ते चालते, रोजच्या कामाला नाही.

दर तिमाहीला एक जुनी फाइल मुद्दाम परत मागवून पाहा: क्लाऊडच्या रिसायकल बिनमधून एक, डिस्कवरून एक, आणि टॅलीचा एक बॅकअप वेगळ्या पीसीवर उघडून. हे काम एका आर्टिकलकडे द्या आणि वहीत तारीख घालून सही घ्या.

बदल केव्हा करायचा? ऑडिटच्या मोसमात अजिबात नको. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा बरा. आधी इंटरनेटचा अपलोडचा वेग तपासा, कारण जाहिरातीत डाउनलोडचाच आकडा असतो. ३० एमबीपीएसने १ टीबी चढायला अखंड तीन दिवस लागतात, १०० एमबीपीएसने साधारण २२ तास. एका क्लायंटचे फोल्डर आधी नेऊन सगळ्यांनी आठवडाभर वापरून पाहा, मग बाकीचे हलवा. डोमेन नोंदवताना ते तुमच्या नावावर आणि तुमच्या मेलवर नोंदवा, वेबसाइट करून देणाऱ्याच्या नव्हे. ऑफिसची सगळी खाती त्यावर उभी राहणार आहेत. बिलावर जीएसटी नंबर पहिल्या दिवशीच घाला. सगळे नव्या जागी आले की जुन्या पर्सनल ड्राइव्हचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, शेअर केलेल्या लिंक एकेक करून बंद करा आणि ते खाते दोन महिने तसेच राहू द्या. काही राहून गेले असेल तर ते याच काळात कळते.